डिझेल इंजिन शिकायचं तर आधी ते हाताने फिरवा

इंजिनाचं काम शिकायला आलेल्या मुलाच्या हातात मी पहिल्या दिवशी पान्हा देत नाही. बंद इंजिनासमोर उभं करतो आणि हँडल हातात देतो. आकृत्या पाहून जे आठवड्यात डोक्यात बसत नाही, ते जड चाक स्वतःच्या दंडाने दहा वेळा फिरवलं की बसतं. म्हणून हा लेखही तसाच वाचा. शक्य असेल तर शेतातल्या, मळणी यंत्राच्या किंवा जनरेटरच्या इंजिनाशेजारी उभं राहून.

उदाहरणाला आपण एक सिलिंडरचं, उभं, पाण्याने थंड होणारं ५ हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन घेऊ. किर्लोस्करचं एव्ही-१ हे या जातीतलं महाराष्ट्रात सगळ्यांच्या ओळखीचं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली ती लोखंडी नांगरासाठी. तेलावर चालणाऱ्या इंजिनांची कंपनी पुण्यात उभी राहिली १९४६ मध्ये. विजेची मोटर येण्याआधी विहिरीचं पाणी मोटेवरून सुटलं ते या इंजिनांमुळे. आज पुष्कळ ठिकाणी मोटर आहे, तरी वीज गेली की याचंच झाकण उघडतं. शिकायला याच्याइतकं चांगलं इंजिन नाही, कारण यातलं जवळजवळ सगळं बाहेरून दिसतं आणि प्रत्येक गोष्ट एकेकच आहे. ट्रॅक्टरचं इंजिन म्हणजे हेच, तीन-चार वेळा शेजारीशेजारी मांडलेलं.

पहिला धडा : चार धावा, दोन फेरे

स्टॉपचा लिव्हर बंदच्या बाजूला ठेवा, म्हणजे डिझेल आत जाणार नाही. हेडवरचा, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या झाकणावरचा, डीकॉम्प्रेशन लिव्हर उचला आणि हँडल हळू फिरवा. चाक जड असलं तरी सरळ फिरतं. आता लिव्हर खाली टाकून पुन्हा फिरवा. एका ठिकाणी हात अडतो. जोर लावला तरी चाक मागे ढकलतं. पुढे गेलात की पुन्हा मोकळं. चाकाच्या दर दोन फेऱ्यांत हा अडथळा एकदाच येतो. हे नीट मोजून पाहा, कारण सगळं इंजिन या मोजणीत आहे.

पिस्टन, म्हणजे सिलिंडरमध्ये वरखाली सरकणारा दट्ट्या, खाली गेला, हवा आत आली : सक्शन. वर आला, दोन्ही व्हॉल्व्ह (हवेची आणि धुराची झडप) बंद, हवा दाबली गेली : कॉम्प्रेशन. तुमचा हात अडला तो इथे. मग डिझेल पेटून पिस्टन खाली ढकलला जातो : पॉवर. पुन्हा वर येताना जळालेला धूर बाहेर : एक्झॉस्ट. पिस्टनच्या चार धावा म्हणजे क्रँकचे, चाक बसवलेल्या वाकड्या दांड्याचे, दोन फेरे. व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट म्हणूनच क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. त्याच्या गिअरला दुप्पट दात असतात, झाकण उघडाल तेव्हा मोजून घ्या. आणि डीकॉम्प्रेशन लिव्हर उचलल्यावर हात का अडत नाही? तो लिव्हर एक व्हॉल्व्ह थोडा उघडा धरून ठेवतो, हवा निसटते, दाबच तयार होत नाही.

चार धावांतली एकच कमाईची. बाकी तीन फ्लायव्हीलच्या जिवावर ओढल्या जातात. एवढ्याशा इंजिनाला एवढं वजनदार चाक का, याचं उत्तर हेच.

दाबलेली हवा पेटवते

मोटरसायकलच्या पेट्रोल इंजिनात स्पार्क प्लग असतो. इथे तो नाही. मग डिझेल पेटतं कशाने?

सायकलचा पंप घ्या, पुढचं भोक बोटाने दाबून धरा आणि जोरात दहा-बारा वेळा मारा. नळीचं टोक गरम लागेल. हवा दाबली की तापते, त्याचाच हा खेळ. आपल्या इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास ८० मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ११० मिलिमीटर, म्हणजे एका धावेत ५५३ घनसेंटिमीटर हवा. ती दाबली जाते साडेसोळाव्या हिश्शात. वर पिस्टन आणि हेड यांच्यामध्ये उरते ती जागा ३६ घनसेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे चहाचे सात चमचे. अर्ध्या लिटरहून जास्त हवा सात चमच्यांत कोंबली की तिचं तापमान ५०० अंशांच्या वर जातं. डिझेलला पेटायला याच्या निम्मंही पुरतं. रुडॉल्फ डिझेलने ही कल्पना १८९०च्या दशकात मांडली आणि १८९७ मध्ये जर्मनीतल्या ऑग्सबर्गला त्याचं इंजिन नीट चालून दाखवलं.

म्हणून कॉम्प्रेशन उतरलं की इंजिन थंडीत उठत नाही. पिस्टनभोवतीच्या रिंगा झिजल्या, व्हॉल्व्ह बसत नाही, हेडखालचं गॅस्केट फुटलं, कारण काहीही असो. हवा निसटते, पुरेशी तापत नाही आणि डिझेल न पेटताच पांढरा धूर होऊन बाहेर पडतं. हाताने फिरवताना अडथळा ढिला लागला तर पुढचं काही उघडण्याआधी हे लक्षात घ्या.

आता चार वाटा बोटाने गिरवा

इंजिनात चार गोष्टी फिरतात : डिझेल, हवा, ऑइल आणि पाणी. प्रत्येकीची वाट सुरुवातीपासून शेवटापर्यंत बोट ठेवून दाखवता आली की शिकाऊ माणूस निम्मा मिस्त्री झाला असं मी मानतो. बहुतेक बिघाड पिस्टनमध्ये नसतात, या वाटांवर असतात.

डिझेल. टाकी उंचावर असते, तिथून ते आपल्या वजनाने फिल्टरमध्ये उतरतं, मग डिझेलच्या पंपात, मग जाड भिंतीच्या बारीक पोलादी नळीतून नोझलला, म्हणजे फवारा मारणाऱ्या तोंडाला. आत किती जातं याचा हिशोब मी मुलांना आवर्जून करायला लावतो. पूर्ण भारावर हे इंजिन तासाला साधारण एक लिटर डिझेल खातं. मिनिटाला १५०० फेरे म्हणजे ७५० वेळा फवारा, तासाला ४५,००० वेळा. एका फवाऱ्याच्या वाट्याला येतं २०-२५ घनमिलिमीटर, म्हणजे साबुदाण्याच्या एका मोठ्या दाण्याएवढं डिझेल. त्या दाण्याने पिस्टन ढकलायचा आणि तेवढ्यात पाणी वर चढवायचं.

हा दाणा मोजून आणि वेळेवर देणं हे पंपाचं काम. पंपातला प्लंजर त्याच्या बॅरलमध्ये इतका नेमका बसवलेला असतो की दोघांमधली फट केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्शाएवढीही नसते. म्हणून त्यांची जोडी कधी तोडायची नाही. एकाचा प्लंजर दुसऱ्याच्या बॅरलमध्ये घालायचा नाही. आणि म्हणूनच धुळीच्या एका कणाने पंप अडकतो. कॅनमधून डिझेल ओतताना गाळून ओता आणि फिल्टरच्या तळाचं पाणी वेळच्या वेळी सोडा. नोझल उघडतं ते दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २०० किलो दाबावर. या दाबाचा फवारा कातडी फोडून आत शिरतो. नोझल बाहेर काढून फवारा तपासताना हात समोर आणू नका, आणि कधी असं झालंच तर जखम बारीक दिसते म्हणून थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.

वेळेचंही एक. डिझेल पिस्टन अगदी वर पोचल्यावर येत नाही, त्याआधी क्रँकचे साधारण २३ अंश असतानाच फवारलं जातं. दीड हजार फेऱ्यांवर २३ अंश म्हणजे सेकंदाचा चारशेवा भाग. तेवढ्यात फवाऱ्याची वाफ व्हायची, हवेत मिसळायचं आणि पेट घ्यायचा. फवारा लवकर आला तर इंजिन ठोके देतं, उशिरा आला तर दम टाकतं आणि सायलेन्सर तापतो.

टाकी रिकामी होऊन इंजिन बंद पडलं की लाइनमध्ये एअर धरते. हवा दाबली जाते, पण नोझल उघडत नाही. अशा वेळी नुसतं हँडल मारत बसू नका. टाकीच्या बाजूने सुरू करा. फिल्टरवरचा स्क्रू सैल करा, बुडबुडे थांबून नितळ धार आली की आवळा. मग पंपावरचा स्क्रू. शेवटी नोझलकडचा नट थोडा सैल करून डीकॉम्प्रेशन उचलून चाक फिरवा आणि डिझेल दिसलं की आवळा. नट आवळल्यावर फिरवताना नोझलमधून बारीक ‘कर्र’ असा आवाज येतो. मिस्त्री त्याला नोझल बोलतंय म्हणतात. तो आवाज ऐकल्याशिवाय जोर वाया घालवायचा नाही.

हवा. हिची किंमत लोक करत नाहीत, म्हणून इथे थोडं थांबतो. हे छोटं इंजिन तासाला वीस हजार लिटरहून जास्त हवा ओढतं. आपल्याकडे उन्हाळ्यात बांधावर किंवा मळणीच्या खळ्यावर त्या हवेत काय असतं ते नाकाला विचारा.

शिकत होतो तेव्हा मळणी यंत्रावरचं एक इंजिन आमच्याकडे आलं होतं. ऑइल पीत होतं, निळा धूर टाकत होतं. मालक काळजी घेणारा, तळाच्या क्रँककेसचं ऑइल वेळेवर बदलणारा. हेड उतरवलं. उस्तादांनी मला लायनरच्या, म्हणजे पिस्टन ज्यात सरकतो त्या नळीच्या, वरच्या भागात आतून नख फिरवायला सांगितलं. काठाखाली दोन बोटांवर नखाला कंगोरा लागला, चांगला स्पष्ट. जिथे वरची रिंग पोचते तिथपर्यंत लायनर झिजला होता आणि त्याच्या वर मूळचा राहिला होता. मग त्यांनी एअर फिल्टरची वाटी उघडायला लावली. ऑइलच्या जागी काळा चिखल, चमचा उभा राहील इतका घट्ट. वरची जाळी भुशाने बुजलेली. मालकाने हंगामभर ती वाटी एकदाही उघडली नव्हती, कारण ती उघडायची असते हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. लायनर, पिस्टन, रिंगा, सगळं नवं घालावं लागलं. त्या माणसाचा चेहरा मला अजून आठवतो. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या आठवड्यात ही वाटी धुवायला लावतो.

ऑइलच्या वाटीचा हा फिल्टर साधा पण हुशार आहे. हवा खाली येते, ऑइलच्या पृष्ठभागाशी एकदम वळून वर जाते. हलकी हवा वळते, जड धूळ वळत नाही, ऑइलमध्ये पडते. उरलेली ओल्या जाळीला चिकटते. वाटीवर खूण असते, ऑइल तेवढंच भरा. जास्त भरलं तर इंजिन ते ओढून घेतं आणि तेच जाळून आपोआप रेस होतं. मळणीच्या दिवसांत वाटी रोज उघडून पाहा, इतर वेळी आठवड्याला.

ऑइल. तळाच्या क्रँककेसमधून ऑइलचा पंप ते उचलतो, क्रँकमधल्या भोकांतून बेअरिंगपर्यंत नेतो, वर व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरला पोचवतो. लायनरला उडून लागतं तेवढं पुरतं. धातू धातूवर फिरत नाही, मध्ये ऑइलचा पापुद्रा असतो. तो तुटला की काही मिनिटांत बेअरिंग पकडतं आणि इंजिन जाम होतं. ऑइल मोजायची पट्टी पाहायची ती इंजिन सपाट जागी आणि बंद करून थोडा वेळ गेल्यावर. पातळी कमी झाली हे सगळे पाहतात, वाढली ते कुणी पाहत नाही. पातळी वाढली म्हणजे आत डिझेल किंवा पाणी उतरतंय. ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी, वासाला डिझेल आलं आणि पातळ लागलं तर पंप किंवा नोझल. अशा ऑइलवर इंजिन एक मिनिटही चालवायचं नाही. ऑइल कोणत्या नंबरचं आणि किती तासांनी बदलायचं हे इंजिनासोबतच्या पुस्तिकेत असतं. दुकानदाराच्या तोंडावर जाऊ नका.

पाणी. जळलेल्या डिझेलच्या उष्णतेचे ढोबळ तीन वाटे होतात. एक वाटा चाकाला, एक सायलेन्सरमधून आभाळाला, एक पाण्याला. पाण्याच्या पंपाच्या इंजिनात बहुधा पाणी बाहेर टाकणाऱ्या डिलिव्हरीच्या पाइपातूनच बारीक नळी काढून इंजिनाला पाणी देतात. सोय चांगली, पण लोक तोटी पूर्ण उघडतात आणि इंजिन गार पाण्याने सतत भिजलेलं राहतं. थंड इंजिनात डिझेल नीट जळत नाही, काजळी धरते, लायनर ओलाव्याने झिजतो. बाहेर पडणारं पाणी चांगलं गरम असेल इतकी तोटी बारीक करा. उलट कधी पाणी बंद राहून इंजिन तापलंच तर त्यावर गार पाणी ओतू नका. हेडला तडा जातो. भार काढा, थोडा वेळ हळू चालू द्या, मग बंद करा आणि आपोआप निवू द्या.

गव्हर्नर : न दिसणारा रखवालदार

पाइपातून पाणी अचानक तुटलं, भार गेला, तरी इंजिन सुसाट का सुटत नाही? आत फिरणारी दोन वजनं असतात. वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात आणि डिझेल पंपाचा रॅक, म्हणजे डिझेल कमीजास्त करणारी पट्टी, डिझेल कमी करण्याकडे ओढतात. वेग पडला की स्प्रिंग त्यांना आत आणते, डिझेल वाढतं. त्या रॅकला काट साचून तो अडकला की इंजिन सुटतं. असं झालं तर घाबरून लांब पळू नका आणि चाकाजवळही जाऊ नका. डिझेल बंद करा, तरी थांबत नसेल तर हवेचं तोंड जाड फळीने झाका. हात लावून झाकायचं नाही, तो ओढला जातो. हवा नाही तर आग नाही.

सुरू करताना, बंद करताना

ऑइल, पाणी, डिझेल पाहिलं. लुगड्याचा पदर, ओढणी, गळ्यातला पंचा, सैल बाही आवरली. डीकॉम्प्रेशन उचला, स्टॉपचा लिव्हर चालूकडे. हँडल धरताना अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवा, दांड्याला वेढा घालू नका. इंजिन उलटं झटकलं तर वेढलेला अंगठा मोडतो, हे मी पाहिलेलं आहे. सुरुवातीला सावकाश, मग वेग वाढवत न्या. नोझल बोलू लागलं आणि चाकाने वेग धरला की लिव्हर टाका. इंजिनाने उचल घेतली की हँडल आपोआप सुटं होतं. ते हातातून सोडू नका, सरळ ओढून काढा. दोन-तीन मिनिटं भाराशिवाय चालू द्या, ऑइल वरपर्यंत जाऊ द्या.

बंद करताना डीकॉम्प्रेशन उचलून बंद करणारे खूप दिसतात. आवाज लगेच थांबतो म्हणून सोपं वाटतं, पण वेगात फिरणाऱ्या इंजिनाचा व्हॉल्व्ह तसा धरल्याने तो आणि त्याची बैठक बिघडते. आधी भार काढा, मग स्टॉपच्या लिव्हरने डिझेल तोडा.

चालू इंजिनाचा धूर रोज पाहण्याची सवय लावा. काळा म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी : फिल्टर बुजलाय, भार जास्त आहे किंवा नोझल गळतंय. निळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा सुरुवातीला थोडा चालतो, इंजिन तापल्यावरही राहिला तर कॉम्प्रेशन किंवा पाण्याची गळती पाहा. नीट चाललेल्या इंजिनाचा धूर जेमतेम दिसतो.

मोटरसायकलवाल्यांसाठी दोन शब्द : तुमच्या इंजिनात चार धावा याच, पण पेट्रोल आणि हवा मिसळून आत जाते आणि ठिणगी पेटवते. १ एप्रिल २०२० पासून धुरावरचे बीएस-६ नियम आल्यावर नव्या गाड्यांत कार्ब्युरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन आलं. मोजून देण्याचं काम आता सेन्सर आणि छोटा संगणक करतो.

विहिरीत उतरवलेलं इंजिन

पंप पाणी ओढतो असं आपण म्हणतो, प्रत्यक्षात बाहेरची हवा ते वर ढकलते, आणि ती व्यवहारात सहा-सात मीटरहून जास्त ढकलत नाही. म्हणून पाणी खोल गेलं की लोक इंजिनच विहिरीतल्या कपारीवर किंवा ओट्यावर उतरवतात. या धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, वास येत नाही. विहिरीत तो साचतो. चालू इंजिन पाहायला उतरलेला माणूस कोसळतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत प्राणवायू कमी आहे का एवढंच सांगते. हा वायू असताना कंदील जळत राहू शकतो. सायलेन्सरचा पाइप विहिरीच्या काठावर आणा, इंजिन चालू असताना खाली उतरू नका, बंद केल्यावरही हवा खेळल्याशिवाय नको. आत कुणी पडलं तर दोर आणि माणसं बोलवा, धावून उतरू नका.

पावसाळ्यासाठी झाकून ठेवताना

मृगाच्या पावसानंतर चार महिने इंजिन उभं राहणार असेल तर जुनं ऑइल काढून नवं भरा आणि थोडा वेळ चालवा, म्हणजे आत सगळीकडे ताजा पापुद्रा बसेल. सिलिंडरभोवतीच्या जॅकेटमधलं पाणी सोडून द्या. सायलेन्सरच्या तोंडावर डबा पालथा घाला. मग डीकॉम्प्रेशन खाली टाकून चाक हाताने फिरवा आणि पहिल्या दिवशी जिथे हात अडला होता त्याच जागी ते थांबवून ठेवा. तिथे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात, दमट हवा लायनरपर्यंत पोचत नाही.